देवाकडं जातेस, की देवाच्या मार्फत नवऱ्याकडं?

लेकी,

तुझा प्रश्न तीनदा वाचला. थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही कळेल मी कशाला उत्तर देतेय. तू सेलू तालुक्यातली, वय 31. चार वर्षांपूर्वी नवऱ्यानं तुला आणि लेकीला माहेरी आणून सोडलं, ते न्यायला आलाच नाही. पुण्यात त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे हे तुला परक्यांकडून कळलं. भाऊ-भावजय जेवू घालतात, शिवणकामाचे चार पैसे मिळतात, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतली बोलावणी तुझं दार सोडून पुढं जातात. चार वर्षं सोमवार झाले, परळीच्या वैद्यनाथाला खेटे झाले, तुळजापूरला नवस बोललीस. काही हललं नाही. आता विचारतेस, "देवालाही मी नकोशी झाले का? मग माझ्या जगण्याचा उपयोग काय?" आणि शेवटी एक बारीक ओळ आहे: यंदा दिंडीत जायचं मनात आहे, पण भाऊ म्हणतो लोक काय म्हणतील.

परभणी, हिंगोली, बीड, नांदेड या पट्ट्यात मी 26 वर्षं कीर्तन करते. कीर्तन सुटलं की बाया बुक्का लावून घ्यायला येतात. गर्दी पांगते आणि एखादी खांबाला टेकून मागं राहते. तिचा प्रश्न बहुतेक वेळा तुझाच असतो. म्हणून जे लिहितेय ते पोथीतलं कमी आणि त्या खांबापाशी ऐकलेलं जास्त आहे. थोडं माझंही आहे, कारण मीही टाकलेलीच. आपल्याकडं हाच शब्द वापरतात, तुला ठाऊक आहे. उष्टं टाकतात तसा.

आधी दोन गोष्टी, कारण सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

तू लिहिलंस की रात्र रात्र झोप लागत नाही. नुसती झोप जात असेल तर एक. पण जेवण तुटलं असेल, कशातच जीव लागत नसेल, विहिरीकडं बघून नको ते विचार येत असतील, तर हे उत्तर बाजूला ठेव आणि आधी डॉक्टर गाठ. टेलिमानसचा 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीअपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. मनाचा आजार निव्वळ नामानं बरा करतो असं कुणी सांगितलं तर त्याच्यापासून लांब राहा, तो माणूस मी असले तरी.

दुसरी गोष्ट पोटगीची. तू लिहितेस, "देवावर सोडलंय." हे ऐकलं की मला धास्ती वाटते. देवावर काय सोडायचं आणि कोर्टावर काय, यात गल्लत करू नको. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालंय. तुझा आणि लेकीचा खर्च त्यानं द्यावा हे त्यात बसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न किती हे न बघता. लेकीच्या शाळेची फी मागितल्यानं तुझी भक्ती उणी होत नाही. आणि कुणी भगत 'करणी झालीय, उतरवून देतो' म्हणाला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नको. त्याविरुद्ध 2013 पासून कायदा आहे.

आता मूळ दुखण्याकडं येते.

माझं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं आणि बाविसाव्या वर्षी मी माहेरी परत आले. मूल होत नाही हे कारण. तपासणी माझी झाली, त्याची नाही, पण तो विषय वेगळा. पुढची सहा वर्षं मी जेवढे उपवास केले तेवढे आजही करत नाही. मंगळवार, शुक्रवार, सोळा सोमवार, पोथीची पारायणं. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत मी मंडपात. लोक म्हणायचे, पोरीनं देवाला वाहून घेतलंय. एका सप्ताहात म्हातारे विणेकरी होते. सकाळी विणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन ते बाहेर येऊन बसले, चहा घेतला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, तू देवाकडं जातीस, का देवाच्या मार्फत नवऱ्याकडं?"

मला इतका राग आला की दोन महिने मी मंडपाच्या बाजूला फिरकले नाही.

पण बोलणं खरं होतं. मी देवाला मध्यस्थ केलं होतं. सोयरिकीत असतो ना एक मामा, दोन्ही घरी चहा पिणारा, तसा. 'त्यांचं मन वळव' एवढंच माझं मागणं. आणि नवरा न आल्याचा प्रत्येक दिवस म्हणजे देवाचाही नकार असा मी हिशेब धरत होते. नवऱ्यानं मला एकदा नाकारलं होतं. तोच नकार पुढं सहा वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ देवाच्या तोंडून वदवून घेतला. त्यानं तसं काही म्हटलेलंच नव्हतं.

तुझ्या पत्रात मला हेच दिसतं. 'देवालाही मी नकोशी' यातला 'ही' नवऱ्याकडून आलाय.

एक पारख सांगते, कुणाला सांगू नको, स्वतःशीच करून बघ. उद्या सकाळी नवऱ्याचा फोन आला, 'न्यायला येतो' म्हणाला, तर पुढचा सोमवार तू धरशील का? माझा तर सुटला असता, हे मी आज कबूल करते. सुटत असेल तर वाईट वाटून घेऊ नको. एवढंच समज की देवाशी तुझं बोलणं अजून सुरूच झालेलं नाही. आणि जे बोलणं सुरू झालं नाही त्यात त्यानं नकार कसा दिला असेल?

इथं पैठणची आठवण काढते. विठ्ठलपंतांची चार लेकरं, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. बापानं संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून 'संन्याशाची पोरं' ठरली, मुंज नाकारली. ती शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. आपल्याच गोदाकाठी, त्यांच्या मूळच्या आपेगावाजवळ. कीर्तनात आम्ही रेड्याच्या तोंडून वेद वदवतो, टाळ्या घेतो आणि पुढं जातो. मी अलीकडं तिथं थांबते. कारण मला त्या कथेत रेड्यापेक्षा कागद मोठा वाटतो. लेकरं निघाली कशासाठी? आम्ही चांगले आहोत असं चार मोठ्या माणसांनी लिहून द्यावं म्हणून. पुढं शके 1212, म्हणजे 1290 साली नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवर मराठीत टीका सांगितली. तिच्या शेवटी मागणं आहे ते 'जे खळांची व्यंकटी सांडो' असं. आम्हाला शुद्ध म्हणा, असं त्यात कुठंच नाही. ज्यांनी छळलं त्यांचाही वाकडेपणा जावो, एवढंच. कागदाची गरज कुठं आणि कधी संपली ते मला सांगता येत नाही, पण पैठण आणि नेवासे यांच्या मधे कुठंतरी संपली.

तुझं शुद्धिपत्र म्हणजे ते हळदीकुंकवाचं बोलावणं. ते आलं की तू शुद्ध. तुझा सोमवारही त्याच कागदाचा अर्ज आहे, फक्त तो कागद देवाच्या सहीनं हवाय.

मग देव देतो तरी काय? याचं उत्तर मी आपल्या गंगाखेडच्या जनाबाईकडून घेतलं. सेलूहून काही लांब नाही, गेली नसशील तर जा. गोदेच्या काठच्या या गावची पोर, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला गेली. 'आई मेली बाप मेला, मज सांभाळी विठ्ठला' हे तिचं. आयुष्यभर दासीच राहिली. देवानं तिला मालकीण केलं नाही, घर दिलं नाही, सवाष्णींच्या पंगतीत पाट मांडून बसवलं नाही. तिच्या अभंगांत देव करतो काय, तर ती झाडते आणि तो केर भरतो. ती दळायला बसली की खुंट्याला हात लावतो. तिचे केस विंचरतो, उवासुद्धा काढतो. पाहिलंस का? तो तिला तिच्या जागेवरून उचलून मानाच्या जागी नेत नाही. तिच्याच जागेवर येऊन बसतो. जातं तेच, केर तोच.

मी आठ-दहा वर्षं हे अभंग गायले तोवर मला ते गोड वाटायचे. एकदा मात्र माहेरच्या मागच्या अंगणात खरकटी भांडी घासताना हे डोक्यात असं आलं की हात थांबला. ज्या कोपऱ्यात मला सगळ्यांनी ढकललंय, तिथं यायला त्याला लाज वाटत नाही. माझी किंमत काय, या प्रश्नाला मला मिळालेलं उत्तर हे एवढंच. आकडा नाही मिळाला, सोबत मिळाली.

आणि जनाबाई गोडच बोलते असं नाही. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी शिवी तिनं देवाला दिलीय आणि वारकऱ्यांनी ती सातशे वर्षं जपून ठेवलीय. ज्याची आपल्याला भीती वाटते, त्याला कुणी अशी शिवी देत नाही. तू पत्रात म्हणतेस, 'देवावर राग येतो, पाप लागेल का?' बाई, राग तिथंच येतो जिथं आपला हक्क वाटतो. बोल त्याला. मोठ्यानं बोल. फक्त नवऱ्याचा राग त्याच्या नावावर टाकू नको, दोघांचे हिशेब वेगळे ठेव.

हे सगळं एका दिवसात होत नाही. मी नवस-उपवास बंद केले आणि फक्त संध्याकाळी हरिपाठ धरला. मागणं काही नाही, म्हणायचा आणि उठायचं. पहिले काही महिने नुसतं कोरडं गेलं. मागणं काढून घेतल्यावर देवाशी बोलायला माझ्याकडं दुसरा विषयच नव्हता, हे कळून रडू आलं. तुझंही तसं होईल. एखाद्या दिवशी चुकला तर चुकला, दुप्पट म्हणून भरपाई करू नको. भरपाई आली की पुन्हा मध्यस्थ आला.

आता तुला दुसऱ्या बाजूनं सांगणारेही भेटतील. म्हणतील, 'संत बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार खाल्ला, पण घर सोडलं नाही, तूही पुण्याला जाऊन त्याच्या पाया पड.' बहिणाबाई आपल्याच भागातल्या, वेरूळजवळच्या देवगाव रंगारीत 1628 साली जन्मल्या, समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला. त्या नवऱ्याजवळ राहिल्या हे खरं. पण त्यांनी तो मार आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत स्वतः लिहून ठेवलाय, झाकलेला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं 'मला नवऱ्यानं मारलं' हे लेखी सांगितलं, हे कुणी तुला ऐकवणार नाही. त्यांचं राहणं हा तुला हुकूम नाही. जनाबाईचं एकटं राहणंही नाही. तू परत जावं की नाही, दुसरं लग्न करावं की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. तो कसा आहे, तुझी लेक काय बघत मोठी होतेय, यावर ते आहे. 'प्रारब्धाचे भोग' हे उत्तरही माझ्याकडून मिळणार नाही. आमच्यातले काही कीर्तनकार ते देतात. मला ते नवऱ्याचा गुन्हा बाईच्या मागच्या जन्मावर ढकलल्यासारखं वाटतं.

राहिला 'उपयोग' हा शब्द. तो मला खटकला. थकलेला बैल बाजारात नेताना शेतकरी हाच शब्द वापरतो, आता उपयोग नाही. सासरी बाईचंही तेच, मूल दिलं का, कामाला वाघ आहे का, माहेरून काय आणलं. या मापानं तुला एकदा मोजून झालंय. देवळात जाताना निदान हे माप चपलांजवळ बाहेर ठेव.

तरी तुझ्या विचारण्यातला खरा भाग मला कळतो. सकाळी उठायचं कशासाठी? तू लिहितेस, 'आता लेकीसाठीच जगतेय.' हे चांगलं वाटतं, पण सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे फार मोठं ओझं आहे. उद्या ती शिकायला लातूरला गेली, लग्न होऊन गेली, तर ती तुला पुन्हा टाकून गेली असं व्हायचं. तिच्यावर जीव लाव. तिच्यावर जगू नको.

काम कसं सापडतं ते मला माझ्याहून एका दुसऱ्या बाईवरून जास्त कळलं. सोनपेठकडची. तिलाही नवऱ्यानं टाकलं, पोटगीसाठी पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. कोर्टात कुठं उभं राहायचं, कारकुनाला काय विचारायचं, पुकारा कधी होतो, तारीख पडली की कागद कुठं मिळतो, हे ती एकटीनं ठेचा खात शिकली. तिची केस संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाहेरच्या बाकावर रोज एखादी नवी पोर घाबरून बसलेली असते. आता ती अशा पोरींबरोबर जाऊन बसते. डबा घेऊन जाते. वकील नाही, संस्था नाही, पावती पुस्तक नाही. माझ्या कीर्तनाला ती फारशी येत नाही, कारण कुणाची ना कुणाची तारीख असते. तिला मी एकदा विचारलं, यात देव कुठं आला? म्हणाली, "मी एकटी बसले होते तवा मला वाटायचं कुणीतरी शेजारी बसावं. त्यो बसला असंल तर मला दिसला नाही. मी बसले तर पोरींना दिसते तरी."

मी हे कीर्तनात सांगत नाही, तिनं नको म्हटलंय. इथं गाव-नाव झाकून सांगितलं.

तुझ्याकडं शिलाई मशीन आहे. आणखी काय आहे ते मला माहीत नाही, शोधायची घाईही करू नको. स्वतःला सिद्ध करायला म्हणून काम काढलंस तर ते काम पुन्हा शुद्धिपत्र होईल. माझंही मधे झालं होतं. कीर्तनाला उभी राहिले तेव्हा वाटायचं, आता बघतील सासरचे. मग एका गावात, नाव कशाला घेऊ, ऐन वेळी सांगितलं गेलं की टाकलेली बाई नारदाच्या गादीवर चालणार नाही. मृदंग लावून झाला होता, टाळकरी उभे होते. मी परत आले आणि तीन दिवस आजारी पडल्यासारखी झोपून होते. म्हणजे इतक्या वर्षांच्या नामानंतरही कागद मागणारी पोर आत जिवंत होती. आजही अधूनमधून उठते. आता फरक इतकाच की ती उठली की मी ओळखते.

तर एवढं लक्षात ठेव: नवऱ्याचा नकार हा त्याचा आणि तुझा मामला, त्याला कोर्ट आहे. देवाचा नकार तू ऐकलेला नाहीस. उपवास सोड म्हणत नाही, त्यातलं मागणं काढून बघ म्हणते.

आणि दिंडी. जा. भावाला सांग, लोक जे म्हणायचं ते चार वर्षांपासून म्हणतच आहेत. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' हेही जनीचंच आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशी आपल्या भागातून जाते, ती बघायला ये. पण ती फार शिस्तीची, तिच्यात ऐन वेळी घुसता येत नाही. त्यापेक्षा शेजारच्या गावातली छोटी दिंडी बघ, जिच्यात बाया बऱ्याच असतात. आधी त्यांच्या विणेकऱ्याला आणि स्वयंपाकाच्या बाईला भेटून ये. बायांच्या झोपायची, अंघोळीची सोय काय ते स्पष्ट विचार, लाजू नको. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे आधी भरून टाक, म्हणजे वाटेत कुणाचं मिंधेपण नको. तिथं कुणी सवाष्ण आहेस का विचारत नाही. बुक्का लावतात, माऊली म्हणतात आणि वाकून पाया पडतात. पहिल्यांदा कुणी म्हातारा तुझ्या पायाशी वाकला की तुला ओशाळल्यासारखं होईल, पाय मागं घेशील. सगळ्याजणी घेतात. तूही वाक, म्हणजे झालं.

लेकीला यंदा नेऊ नको, शाळा बुडेल आणि पावसात लेकरू आजारी पडेल. भावजयीजवळ ठेव. दोन लुगडी, एक इरलं किंवा मेणकापड, पायाला लावायला खोबरेल, आणि चप्पल जुनीच घाल. नवीन घेतलीस तर दुसऱ्या मुक्कामालाच फोड येतील.